पुढे केलेल्या हाताचा खुलासा

हारो, इलोइलो
सोमवार, दुपारच्या झोपेची वेळ (झोप नाही)

परमपूज्य मानांग पुरिंग,

समुद्राच्या अलीकडून, कागदावरूनच, तुमचा उजवा हात माझ्या कपाळाला लावतो. बिसा, मानांग. थोरल्या बहिणीचा आशीर्वाद पत्राने पोहोचतो की नाही, हा प्रश्न वादग्रस्त आहे. तूर्त तो पोहोचला असे गृहीत धरतो. बाकोलोदला उकाडा फार आहे असे ऐकतो. गुडघ्याला तेल लावणे चालू असेलच. डॉक्टरांनी जिना चढू नका एवढेच सांगितले, म्हणून उतरण्यास त्यांची हरकत नाही, असा अर्थ कृपा करून काढू नये. एखाद्याच्या मौनातून स्वतःच्या सोयीचे विधान उपसून काढणे हा फार जुना हेत्वाभास आहे आणि आपल्या घराण्यात तो विशेष बोकाळलेला आहे. तुमच्या बोक्याचा डोळा बरा झाला का? माझी प्रकृती उत्तम आहे. हे शेवटचे वाक्य रिवाजापुरते लिहिलेले नाही. या संपूर्ण पत्राचे प्रतिपाद्य विधान तेच आहे, तरी ते पुन्हा एकदा वाचावे.

टेलिफोन न करता पत्र का लिहिले, असे तुम्ही विचाराल. टेलिफोनवर माझे एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत पोहोचल्याचे मला स्मरत नाही. आपल्या हिलिगायनोनमध्ये असो वा देवाच्या लॅटिनमध्ये, मुद्दा शेवटी ठेवणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलताना अर्थच उरत नाही. पत्राला मात्र मध्येच तोडता येत नाही. (फाडता येते, याची मला जाणीव आहे.)

प्रथम वादाचा विषय नेमका मांडतो, म्हणजे मागाहून तो कोणी इकडेतिकडे सरकवू नये. वेन्सीचे म्हणणे असे (वेन्सी माझा मुलगा आहे खरा, पण प्रस्तुत प्रकरणात तो प्रतिपक्ष असल्यामुळे त्याचा उल्लेख मी त्याच अंतरावरून करीन) की माझी बुद्धी मंदावली आहे, मी एकटा राहतो, आणि यास्तव मला हारोच्या या घरातून उचलून मनिलाला त्याच्या सदनिकेत, ढगांच्या आसपासच्या कुठल्याशा मजल्यावर, नेऊन ठेवावे. येत्या रविवारी तो त्यासाठी विमानाने येतो आहे. पुरावा म्हणून त्याने सांगितले की फाटकाची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली, आणि मी त्याच्यादेखत कॉफीत पातिस ओतले. पहिल्याचे उत्तर: किल्ली तिथे मीच ठेवली होती, कारण चोर तांदूळ शिजवायला येत नाही. ती तिथे ठेवल्याचे मी विसरलो, हा वेगळा मुद्दा आहे. दुसऱ्याचे उत्तर: माशाच्या खाऱ्या पाण्याची बाटली आणि मधाची बाटली एकाच घाटाची बनवणाऱ्या कारखानदाराचा तो दोष आहे, आणि मी ती कॉफी शेवटच्या घोटापर्यंत, चेहऱ्यावरची रेष न हलवता प्यालो, यावरून निर्धाराची शक्ती शाबूत असल्याचेच सिद्ध होते.

आपल्या कुटुंबात शेवटचा शब्द तुमचा असतो, म्हणून हा वाद तुमच्यापुढे आला. तुम्ही फोनवर दिलेला निवाडा मला शब्दशः पाठ आहे. (स्मरणशक्तीविषयीचा आक्षेप इथे आपोआप निकालात निघतो.) तुम्ही म्हणालात, "ताक्यो, ज्यात घाई करावी लागते असं काहीतरी पोरांबरोबर खेळ आणि जिंकून दाखव. बुद्धिबळ नको, ते म्हातारे झोपेतसुद्धा खेळतात. जिंकलास तर मी वेन्सीला सांगेन, बापाला जागचा हलवायचा नाही. हरलास तर मुकाट्याने बॅग भर." मी 'घाई' या शब्दाची व्याख्या विचारू लागलो, तेवढ्यात तुम्ही फोन ठेवलात. तीच व्याख्या असावी असे मी समजून चाललो.

(मध्येच उठून स्वयंपाकघरात जाऊन आलो. सालाबातसाठी आले किसून पाणी ठेवले आहे. आज एका जागी बसवत नाही. फाटकही पाहून आलो. बंद आहे. किल्ली माझ्या खिशात आहे.)

घाईचा खेळ घरातच सापडला. वेन्सीची मुलगी लुसेल गेल्या सुटीत माझ्याकडे होती, ती जाताना आपला पत्त्यांचा एक कॅट माझ्या टेबलाच्या खणात ठेवून गेली. हे आपले चार रंगांचे पत्ते नव्हेत, मानांग. इथे प्रत्येक पत्त्यावर कोणीतरी एक प्राणी, पिशाच्च किंवा संकट चितारलेले असते. दोघे समोरासमोर बसतात, दोघांनाही वीस-वीस प्राण मिळतात, आणि आपली पिशाच्चे समोरच्याच्या अंगावर सोडून त्याचे प्राण संपवायचे असतात. समोरचा आपली पिशाच्चे आडवी घालून ती अडवू शकतो. प्रत्येक पत्ता प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला असतो. जी मुले मोटारसायकलवर डोक्याला काही घालीत नाहीत, ती पत्त्यांना मात्र एकेक रेनकोट घालतात. पत्ते कुणी कसेही जमवावेत, कॅट कसाही बांधावा. कोणी तटबंदीचा बांधतो, कोणी कपटाचा. लुसेलचा कॅट नखशिखांत लाल आहे आणि त्यात एकही शहाणा माणूस नाही. आग्यावेताळ आहेत, मशाली घेऊन पळणारी भुतावळ आहे, शेपटीला आग लागलेली कुत्री आहेत, आणि नुसत्याच आगी आहेत, ज्या थेट माणसाच्या अंगावर टाकता येतात. लुसेलने मला या कॅटचे सारे तत्त्वज्ञान भात वाढता वाढता सांगितले होते: "लोलो, विचार करायचा नाही. मारत सुटायचं. समोरच्याला वाक्यच पूर्ण करू द्यायचं नाही."

मला हा कॅट अनैतिक वाटला. आयुष्यभर मी सेमिनरीत, आणि मागाहून कायद्याच्या वर्गांत, तर्कशास्त्र शिकवले. माझ्या वर्गाचा पहिला नियम असा होता की प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडल्याखेरीज त्याला उत्तर देता येणार नाही. आधी पूर्वपक्ष, मग मान्य, अमान्य, अथवा अमुक अर्थाने मान्य आणि तमुक अर्थाने अमान्य. त्या सुटीतल्या पहिल्याच डावात मी सवयीप्रमाणे लुसेलला तिची बाजू पूर्ण मांडू दिली. तिची बाजू मांडून झाली तेव्हा मी मेलेलो होतो. "लोलो, तुम्ही त्यांना बसायला खुर्ची देताय!" ती ओरडली. तेव्हापासून मी खुर्ची देणे बंद केले. सत्याच्या शोधात नसताना माणूस किती जलद हालचाल करू शकतो, हे पाहून मी थक्क झालो.

स्पर्धा शनिवारी ला पाझमध्ये, एका बेकरीवरच्या मजल्यावर नोनोय तेरुएल याचे पत्त्यांचे दुकान आहे, तिथे होती. जिना अरुंद, पंखा एक, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या खच्चून, आणि खालून पावाचा असा वास की उपाशी माणसाने धर्म बदलावा. नोनोय हाच मालक आणि हाच पंच. तिशीचा, गोल, भिडस्त गृहस्थ. भांडण सोडवायला बोलावले तर आधी दोघांना पाणी देतो. मी आत शिरताच दोन-तीन पोरे उठली, माझा हात कपाळाला लावून बिसा घेतला आणि एकाने विचारले, "लोलो, नातवाला सोडायला आलात?" मी सांगितले, "नाही. तुम्हाला जाळायला आलो आहे." ती हसली. (आपल्या इलोइलोच्या माणसांचे हे असे. शिवी दिली तरी अंगाई गाऊन दिली असे वाटते.)

आता जे सांगतो त्याकडे विशेष लक्ष असावे. सारे प्रकरण त्यावर उभे आहे. भिंतीवर दुकानाचे नियम लावलेले होते आणि नोनोयने ते सकाळी वाचून दाखवले. त्यांतला एक असा: डाव चालू असताना जो खेळाडू टेबलाच्या मधल्या रेषेपलीकडे रिकामा हात पुढे करील, त्याने हार कबूल केली असे धरले जाईल. या खेळात हरणारा आपण होऊन हात पुढे करतो आणि समोरचा तो हातात घेतो, अशी रीत आहे. पण गेल्या वर्षी कोणीतरी हात पुढे केला आणि मग म्हणाला की मी डास मारीत होतो. त्यावरून खुर्च्या उडाल्या, म्हणून हा नियम. बाकीचे सगळे पाव खात होते. मी उभा राहिलो.

मी विचारले, "हात पुढे करण्यामागचा हेतू विचारात घेतला जाईल काय?"

नोनोयने डोके खाजवले. "म्हणजे कसा, सर?" (मी उभा राहिलो की लोक मला सर म्हणू लागतात.)

मी म्हणालो, हेतू मनात असतो. मनातले सिद्ध करता येत नाही. जे सिद्ध करता येत नाही त्यावर निकाल देणारा पंच हा पंच नसून ज्योतिषी होय. सबब कृती तेवढी धरावी, हेतू धरू नये, आणि तसे नियमात स्पष्ट लिहावे, नाहीतर पुन्हा डास येतील. मी हे जरा विस्ताराने बोललो. अधूनमधून सेमिनरीतल्या माझ्या वर्गाचे नियम आणि दाखलेही दिले. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "अरे, लोलोला कुणीतरी बाचोय आणून द्या रे, तोंडात शेवया असल्या की गप बसतील," आणि सगळी खोली हसली. पण मुद्दा बिनतोड होता. नोनोयने जाड पेनाने नियमाखाली लिहिले: हेतू काहीही असो. मी समाधानाने खाली बसलो. दुसऱ्या रांगेत एक चष्मेवाली मुलगी पत्ते पिसायचे थांबून माझ्याकडे एकटक पाहत होती. इतक्या वर्षांनी पुन्हा एक लक्ष देणारा विद्यार्थी मिळाला, असे मला तेव्हा वाटले.

(पुन्हा उठलो होतो. गल्लीत रिक्षा थांबल्यासारखी वाटली. वेन्सी रविवारी येणार आहे हे मला पक्के ठाऊक आहे, आज सोमवार आहे हेही ठाऊक आहे, तरीही उठलो.)

सुरुवातीचे डाव कसे गेले ते सविस्तर सांगत नाही, कारण त्यांना विस्तारच नव्हता. समोर येणारे प्रत्येक पोर प्रथम माझ्यापुढे वाकून बिसा घेई, मी त्याला मनापासून आशीर्वाद देई, आणि नोनोयची शिट्टी वाजताच त्याला भाजून काढी. ती बिचारी आपले तट बांधायला विटा गोळा करीत असत, आणि तोवर माझी पेटलेली कुत्री त्यांच्या दिवाणखान्यात शिरलेली असत. मानांग, खरे सांगतो, माझे पाय टेबलाखाली नाचत होते. एवढी तरतरी मला निवृत्तीनंतर आली नव्हती. कोणी मला हळू बोला, सावकाश चढा, औषध घेतलेत का, असे म्हणत नव्हते. ते म्हणत होते, "लोलो, थोडं थांबा ना, श्वास तर घेऊ द्या!"

उपांत्य फेरीत जेथ्रो नावाचा तरुण आला. तो रात्रभर अमेरिकेतल्या लोकांचे बिघडलेले इंटरनेट फोनवरून दुरुस्त करतो आणि सकाळी झोपायचे सोडून इथे येतो. आपले उरलेले प्राण तो एका फाशावर मांडत होता. मी शेवटचा आग्यावेताळ त्याच्यावर सोडला. त्याने दमलेल्या डोळ्यांनी हिशेब केला, "गेलो, लोलो," म्हटले आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला. मग त्याने फासा पाहिला. एक प्राण शिल्लक होता.

"थांबा, थांबा, थांबा! मी मेलोच नाहीये!"

मी भिंतीकडे बोट दाखवले.

"अहो, पण मी चुकून..."

"हेतू काहीही असो," मी म्हणालो.

त्याने नोनोयकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "लोलो, चेहरा देवळातला आणि काम पोलिस चौकीतलं! वकील होता का तुम्ही?"

"नाही. वकिलांना शिकवीत होतो."

"मग बरोबर," तो म्हणाला, आणि त्याने माझ्यासाठी खालून गरम पाव आणला. इलोइलोत हरलेला माणूसही तुम्हाला खायला घालतो. मी तो पाव खाल्ला. माझी सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ होती.

अंतिम फेरीत समोर आली ती चष्मेवाली मुलगी. नाव आयरा मे दुमदुमाया, दंतवैद्यकाची विद्यार्थिनी. बोलणे इतके मऊ की ऐकायला पुढे वाकावे लागे. ती बसली ती थेट पत्ते पिसू लागली. बिसा घेतला नाही. मला किंचित खटकले, पण मी ते तिच्या घाबरलेपणाच्या खाती टाकले. तिचा कॅट तटबंदीचा होता. धुके, भिंती, आणि तोंडातून पाणी फेकणारे संथ कासव. माझ्या प्रत्येक पिशाच्चापुढे ती एक भिंत ठेवी आणि म्हणे, "आता जरासं दुखेल हं, सर," आणि खरोखर दुखे. पहिला डाव मी जिंकला, दुसरा तिने. तिसऱ्यात जो जिंकेल तो पहिला. सगळे दुकान आमच्या टेबलाभोवती गोळा झाले. जेथ्रो खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "लोलो, पेटवा! ही माझा जुना दात उपटायला टपलीये!" ती मान वर न करता, धाकट्या बहिणीच्या आदबीने म्हणाली, "मानोंग जेथ्रो, तुझा दात मी फुकट काढीन. भूल मात्र देणार नाही."

तिसऱ्या डावात मी तिला तीन प्राणांवर आणले. तिच्या हातात एकही पत्ता उरला नव्हता. कासव थकून आडवे पडले होते. माझ्या हातात एकच पत्ता होता, आणि ती बरोबर तीन प्राणांची आग होती. कोणत्याही भिंतीला ती अडवता येत नाही. तिची पाळी संपायची, माझी यायची, आणि हे घर माझे राहायचे. हे घर, मानांग. फाटकाजवळचे कामियासचे झुडपासारखे झालेले कललेले झाड, वेन्सीच्या आईने, सोलेदादने, लावलेले, ज्याची आंबट फळे तिच्यानंतर कोणी तोडत नाही आणि जे तरीही दरवर्षी लगडते. मनिलाच्या त्या मजल्यावर कुंडीलासुद्धा वारा लागतो म्हणून परवानगी नाही. मी तो पत्ता डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला. वयामुळे नव्हे. (हे स्वतंत्रपणे नोंदवावे.)

आणि तेव्हा आयरा मे टेबलावरचे पत्ते सारखे करीत म्हणाली, "सर, एक विचारू? आपण सुमागायसाय सर ना? सेमिनरीत शिकवायचे ते?"

"होय."

"अय्या, सर! माझे तातय तुमचे विद्यार्थी! अजून जेवताना तुमचं नाव काढतात. 'सर म्हणायचे, आधी समोरच्याचं ऐकून घे.' आणि मी मूर्ख, दिवसभर तुमच्यासमोर बसले आणि बिसासुद्धा घेतला नाही! तातयना कळलं तर घरात घेणार नाहीत." असे म्हणून तिने चष्मा काढला, डोळे मिटले आणि मान झुकवली.

मानांग, मी काहीही केले नाही. हात आपण होऊन गेला. एवढ्या वर्षांच्या एवढ्या झुकलेल्या माना! वर्गाच्या दारात, चर्चच्या पायऱ्यांवर, सोलेदादच्या अंत्ययात्रेत. मान झुकली की हात जातो, जसा तोंडाशी घास आला की ओठ उघडतात. हाताची पाठ तिच्या कपाळाला टेकली, मी "देव तुझे भले करो" म्हणालो.  तोच जेथ्रो खुर्चीवरून कळवळून म्हणाला, "हाय रे, लोलो! हात!"

मी खाली पाहिले. माझा हात रेषेपलीकडे होता. रिकामा होता; पत्ता डाव्या हातात राहिला होता.

नोनोय आला. त्याने आधी दोघांना पाणी दिले. मग तो म्हणाला, "सर, हे आपण धरायचं नाही. खेळा पुढे. म्हातारी माणसं, होतं असं कधीकधी." कोणीच हरकत घेतली नाही. मी नुसता हात मागे घेतला असता, पत्ता टाकला असता, आणि आज हे पत्र लिहायची गरज पडली नसती. आणि तेवढ्यात ती मुलगी माझी बाजू घेऊन उभी राहिली.

"मानोंग नोनोय, सरांचा हात मोजू नका ना," ती हळुवारपणे म्हणाली. "एक तर सर वयाने मोठे आहेत. दुसरं म्हणजे सर खूप चांगले आहेत. आणि तिसरं, मला फार वाईट वाटेल."

मी हे ऐकून घेऊ शकलो नाही. तिन्हीच्या तिन्ही कारणे सडकी! एकाचाही मुद्द्याशी संबंध नाही! चांगुलपणाने कृती नाहीशी होत नाही आणि वाईट वाटण्याने नियम बदलत नाही. तसे असते तर जेथ्रोला तेव्हाच डावात परत घ्यावे लागले असते, कारण त्याला पुष्कळ वाईट वाटले होते. पण सर्वांत घातक ते पहिले. मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, वयामुळे माझा हात माझा धरायचा नसेल, तर त्याचा अर्थ असा की म्हाताऱ्याची कृती ही त्याची कृती नसते; ती नुसती घडते, जसा पाऊस पडतो. आणि ज्याच्या कृती त्याच्या नाहीत, त्याला एकटे राहू देता येणार नाही, त्याच्या किल्ल्या काढून घ्याव्या लागतील, त्याला विमानात घालून न्यावे लागेल. हा सिद्धांत मला अमान्य आहे. माझा हात मी पुढे केला. तो माझा आहे. त्याचा हेतू आशीर्वादाचा होता, पण हेतू धरायचा नाही हे मीच सकाळी सिद्ध केले आहे आणि त्याला अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही. सबब मी हरलो आहे. इति.

टाळ्या पडल्या. जेथ्रो ओरडला, "लोलोने लोलोलाच पाडलं!" नोनोयचे डोळे पाणावले होते. मी वाद पूर्णपणे जिंकला होता, आणि जिना उतरताना माझ्या लक्षात आले की घर गेले.

आता माझे निवेदन. मानांग, 'जिंकून दाखव' ही अट मी पुरी केली नाही, हे मान्य. परंतु मूळ आरोप हरण्याचा नसून बुद्धी मंदावल्याचा होता. जो माणूस स्वतःच्या विजयाविरुद्ध, उभ्या उभ्या, तयारी न करता, असा अभेद्य युक्तिवाद उभारतो, त्याची बुद्धी मंदावली आहे असे म्हणणे वदतोव्याघात होय. चांगली बुद्धी असती तर गप्प बसलो असतो, असे वेन्सी म्हणेल. ती बुद्धी नव्हे, तो धूर्तपणा. त्याचा आरोप माझ्यावर कधीच नव्हता. शिवाय त्या हाताला खरी जबाबदार व्यक्ती न्यायासनावरच बसली आहे. मी पहिल्यांदा कोणाचा तरी धर्मपिता झालो, तेव्हा त्या पोराने मान झुकवली आणि मी कोणाशी तरी वाद घालण्यात गुंतलो होतो. तुम्ही सगळ्यांसमोर माझा कान धरलात आणि म्हणालात, "झुकलेलं डोकं ताटकळत ठेवायचं नाही, ताक्यो. कधीच नाही." मी त्यानंतर ठेवले नाही. शनिवारीही ठेवले नाही. तेव्हा निकाल देताना तुम्ही स्वतःच्या शिकवणुकीला शिक्षा करणार आहात की कसे, एवढे पाहावे.

बोक्याला थोपटावे. निकालाची वाट पाहत, खुर्चीच्या कडेवर बसलेला,

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
एउस्ताकियो सुमागायसाय
(ताक्यो)

ता. क. सालाबातची किटली जळाली. पाणी आटून खालून काळी झाली आहे. मी खिडक्या उघडल्या आहेत. प्रस्तुत वादाशी याचा काहीही संबंध नसल्याने वेन्सीला कळवू नये.

ता. क. दुसरा. काल रविवारी मिस्साहून परतताना राहवेना, म्हणून नोनोयच्या दुकानात गेलो. आयरा मे तिथे बसून जेथ्रोच्या दाताची तपासणी करीत होती. मी तिच्या वडिलांचे वर्ष विचारले. म्हटले, विद्यार्थी आठवत नाही असे कधी होत नाही. ती म्हणाली, "नाही आठवणार, सर. तातय जहाजावर स्वयंपाकी आहेत. सेमिनरीच्या दारात कधी गेलेले नाहीत." मी म्हणालो, "मग ते सगळे खोटे?" तिने माझ्याकडे अतिशय आदराने पाहिले आणि म्हणाली, "हेतू काहीही असो, सर." मग मला एकदम आठवले की मान झुकवताना तिचे कपाळ रेषेच्या अलीकडे, तिच्या बाजूला, बोटभर अंतर राखून थांबले होते. आणि ती तीन सडकी कारणे? ती म्हणाली, "मानोंग नोनोय सोडून देणार हे माहीत होतं. मग तुम्हीच उठायला हवं होतं. मला वाटलं पहिल्याच मुद्द्यावर उठाल. बाकीचे दोन उगाच खर्ची पडले." मी आयुष्यभर शेकड्यांनी विद्यार्थी तयार केले. त्यांतल्या एकानेही माझे इतके लक्षपूर्वक ऐकले नव्हते. जाताना तिने खरा बिसा घेतला. आधी टेबलावरचे पत्ते उचलले, मग मान झुकवली.

ता. क. तिसरा, आणि याच्यासाठीच पत्र लिहिले. पुढच्या महिन्यात तिथेच जोडीची स्पर्धा आहे. आयरा मेने जेथ्रोला धरले आहे. मला जोडीदार नाही. त्या मुलीचा तर्काने पाडाव होणार नाही, हे मी पाहिले. तिच्यापुढे असा कोणीतरी बसायला हवा जो समोरच्याला पहिले वाक्यच पूर्ण करू देत नाही. लाल कॅट माझ्या हाती नुसता विद्यार्थ्यासारखा चालतो. तो जन्मतः कोणाचा आहे, हे मला लुसेलने त्याचे तत्त्वज्ञान सांगितले तेव्हाच कळायला हवे होते. तरी तुम्ही बोक्यासह इकडे यावे. सरावाला वेळ लागतो, म्हणून रविवारच्या आत यावे. आणि वेन्सी आला की फाटकात तुम्हीच उभे राहावे. तुम्ही या घरात असलात म्हणजे 'मी एकटा राहतो' हा त्याचा एकमेव धड मुद्दा कोसळतो. बाकोलोदच्या गोड पिआया आणू नयेत, टेबलावर खायला मनाई आहे. दुकान वरच्या मजल्यावर आहे खरे, पण नोनोय आणि जेथ्रो तुम्हाला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून नेणार आहेत. डॉक्टरांनी चढू नका एवढेच सांगितले आहे, उचलून नेण्याविषयी ते काही बोललेले नाहीत. बोटीची वेळ कळवावी. धक्क्यावर मी वाकेन, तेव्हा हात पुढे करायला कचरू नये. तिथे रेष आखलेली नाही.